शिकण्यासाठी राखलेला तास

घरातील वृद्धाची सेवा मायेने करावी लागते हे खरे; पण ती शिकूनही करावी लागते. त्या शिकण्यासाठी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, थोडा अवकाश बाजूला काढता येईल का?

आईच्या पाठीला खाली, माकडहाडाच्या जागी, रुपयाएवढा लालसर डाग प्रथम दिसला तो एका सोमवारी सकाळी. पक्षाघाताने तिची उजवी बाजू लुळी पडून तेव्हा सात आठवडे झाले होते. दिवसभर तिच्यापाशी असणाऱ्या मावशींनी तो डाग पाहिला आणि त्यांना जे योग्य वाटले ते त्यांनी मनापासून केले. खोबरेल तेल कोमट करून रोज दोन वेळा त्यांनी ती जागा चांगली चोळली. मी शेजारीच उभा होतो, आणि इतक्या आस्थेने काम करणारी बाई आपल्याला मिळाली याचे मला समाधान वाटत होते. पाचव्या दिवशी तेथील कातडी सोलली गेली. दहाव्या दिवशी तेथे जखम होती. ती पुरती भरून यायला पुढे जवळजवळ तीन महिने लागले.

जखमेची मलमपट्टी करण्यासाठी आलेल्या परिचारिकेने पहिला प्रश्न विचारला, "इथे चोळत होतात का?" आणि मग शांतपणे सांगितले, "दाबामुळे जिथला रक्तपुरवठा आधीच कमी झाला आहे, ती जागा चोळली की आतले पेशीजाल आणखी दुखावते. अशा जागी चोळायचे नसते; तिच्यावरचा भार काढायचा असतो."

हे एवढे एक वाक्य सात आठवड्यांपूर्वी आमच्या कानांवर पडले असते तर? कदाचित पडलेही असेल. रुग्णालयातून घरी सोडताना आम्हाला सूचना दिल्या गेल्या होत्या. पण बिलाची रांग, दाराशी उभी असलेली रुग्णवाहिका, औषधांची पिशवी आणि आईची घाबरलेली नजर या सगळ्यांत दहा मिनिटांत उरकलेल्या त्या सूचनांपैकी काय लक्षात राहणार? शिवाय त्या ऐकल्या होत्या मी. आईची कूस बदलणार होत्या मावशी. त्या तर त्या दिवशी तेथे नव्हत्याच.

दोष मावशींचा नव्हता. दोष असेल तर तो आम्हा सगळ्यांच्या मनातील एका समजुतीचा होता. सेवेला माया लागते, सहनशीलता लागते. शिक्षण मात्र लागत नाही, ते काम करता करता आपोआप येते, अशी ती समजूत. आपल्या घरीही ती मूक संमतीने नांदत असेल, तर हा लेख आपल्यासाठी आहे.

घर हेही कामाचे ठिकाण

ज्या कामात दुसऱ्याचा जीव आपल्या हाती असतो, त्या कामात शिकणे कधी संपत नाही, हे इतर क्षेत्रांनी केव्हाच मान्य केले आहे. वैमानिकाला ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा आपले कौशल्य सिद्ध करावे लागते. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 सालच्या आचारनियमांत, डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान 30 तास निरंतर वैद्यकीय शिक्षणासाठी द्यावेत, असे सांगितले आहे. चांगल्या रुग्णालयांत परिचारिकांसाठी कामाच्या वेळातच लहान लहान पाठ घेतले जातात आणि पाळी बदलताना एक जण दुसरीला प्रत्येक रुग्णाची इत्थंभूत माहिती देते.

आता आपल्या घराकडे पाहा. 2011 च्या जनगणनेत देशातील साठीपुढील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक नोंदली गेली होती; ती तेव्हापासून वाढतेच आहे. यांपैकी अंथरुणाला खिळलेल्या बहुसंख्य वृद्धांची शुश्रूषा रुग्णालयात नव्हे, घरीच होते. ती करणारी व्यक्ती म्हणजे सून, मुलगी, मुलगा, स्वतः सत्तरी गाठलेला जोडीदार किंवा ब्युरोमार्फत आलेल्या मावशी अथवा मामा. दिवसाचे बारा तास ही व्यक्ती एकटीने जे करते ते रुग्णालयात चार वेगवेगळी प्रशिक्षित माणसे करतात. तिला विचारायला कोणी वरिष्ठ नसतो, चूक दाखवायला सहकारी नसतो आणि शिकायला वेळ नसतो.

ही उणीव नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 साली 'नोट्स ऑन नर्सिंग' हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले, ते व्यवसायाने परिचारिका असणाऱ्यांना धडे देण्यासाठी नव्हते. घरोघरी ज्यांच्यावर दुसऱ्याच्या प्रकृतीची जबाबदारी येऊन पडते अशा सामान्य स्त्रियांना विचारप्रवृत्त करण्यासाठी ते होते. पुढच्याच वर्षी, 1860 मध्ये, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका-शाळा सुरू झाली. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांना, त्यांत विधवाही आल्या, परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवले. त्या काळी हे काम हलके मानले जात असे. शिक्षणाने त्या कामाला प्रतिष्ठा येते हे या मंडळींनी ओळखले होते. घरातील सेवेच्या वाट्याला मात्र ती प्रतिष्ठा अजून पुरती आलेली नाही.

'गरज पडेल तेव्हा शिकू' हे का साधत नाही

गरज पडते तेव्हा शिकायला उसंत नसते, हे पहिले कारण. घास घशात अडकून वडिलांचा चेहरा काळानिळा पडू लागला असताना मोबाइलवर उपाय शोधणे शक्य नसते.

दुसरे कारण स्मरणशक्तीच्या स्वभावात आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःच्याच स्मृतीवर दीर्घकाळ प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष 1885 साली प्रसिद्ध केले. एकदा शिकलेले पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सर्वाधिक वेगाने विसरले जाते, आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केल्यास ते टिकते, असे त्यांतून दिसले. एका दिवसात दिलेल्या वीस सूचना वाहून जातात. तेच वीस विषय आठवड्याला एक या गतीने घेतले आणि मागच्याची उजळणी होत राहिली, तर ते हातात बसतात.

तिसरे कारण असे की रुग्ण बदलत असतो. आज आधाराने चालणारे आजोबा सहा महिन्यांनी खुर्चीत असतील. आज व्यवस्थित गिळणाऱ्या आजींना पुढे पातळ पदार्थांचा ठसका लागू लागेल. काल शिकलेले आज पुरत नाही. म्हणून येथे अभ्यासक्रम 'पूर्ण' होत नाही. तो रुग्णाबरोबर चालत राहतो.

तास कसा बसवावा

आमच्या घरी जखम भरत आली तेव्हा बुधवार ठरला. दुपारी साडेतीन ते चार वाजून दहा मिनिटे. शाळेतला तास चाळीस मिनिटांचा असतो, तसाच हा. आईची दुपारची झोप झालेली असे, चहा व्हायचा असे, आणि मला त्या दिवशी घरून काम करण्याची मुभा होती. आपण आपल्या घराप्रमाणे वेळ निवडावी. पण काही पथ्ये सांभाळावीत.

पहिले पथ्य: हा तास कामाच्या वेळातच असावा. मावशींची पाळी संपल्यावर 'जरा थांबा, थोडे सांगायचे आहे' असे म्हणू नये. त्यांची बस ठरलेली असते, घरी त्यांची मुले वाट पाहत असतात, त्यांचा स्वयंपाक व्हायचा असतो. शिकण्याच्या वेळेचे पैसे कापू नयेत, हे तर सांगायलाच नको. शिकणे हा कामाचाच भाग आहे हे आपण वेळ देऊन आणि मोबदला देऊन सांगतो. शब्दांनी सांगून ते पटत नाही.

दुसरे: एका तासाला एकच विषय. पाच मिनिटे मागच्या विषयाची उजळणी, पंधरा मिनिटे नवा विषय, पंधरा मिनिटे प्रत्यक्ष सराव आणि उरलेली पाच मिनिटे वहीत नोंद.

तिसरे: हा तास म्हणजे चुकांचा पंचनामा नव्हे. 'परवा तुम्ही असे का केलेत?' या प्रश्नाने सुरुवात झाली की शिकणे संपते आणि लपवणे सुरू होते. 'या आठवड्यात कोणती गोष्ट अवघड गेली?' असे विचारावे, आणि त्या प्रश्नाचे पहिले उत्तर आपण स्वतः द्यावे. पहिल्या बुधवारी मी म्हणालो, "मावशी, आईला खुर्चीत बसवताना मला भीती वाटते. ती माझ्या हातून निसटेल असे वाटते." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मला पण वाटतं, दादा. सांगितलं नव्हतं इतकंच."

चौथे: तास रुग्णाच्या खोलीतच, रुग्णाला सामील करून घ्यावा. त्याच्या देहाविषयी त्याच्यादेखत परक्यासारखे बोलू नये; त्याच्याशी बोलावे.

रात्रपाळीला वेगळी व्यक्ती येत असेल, तर पंधरवड्यातून एकदा पाळी बदलतानाची वीस मिनिटे तिच्यासाठी राखावीत. एकाच माणसाला दिवसा एका पद्धतीने आणि रात्री दुसऱ्या पद्धतीने उचलले जाणे त्रासाचे आणि धोक्याचे असते.

काय शिकावे

विषयांची यादी रुग्णाच्या गरजेप्रमाणे बदलेल. तरी पाच विषय जवळजवळ प्रत्येक घरी लागतात.

*त्वचा.* अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. पाठीमागे उशी देऊन त्याला किंचित कलते ठेवले, की खुब्याच्या हाडावर थेट भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी दिल्यास टाचा अधांतरी राहतात आणि त्यांच्यावरचा दाब जातो. चादरीला सुरकुती नसावी. रुग्णाला वर सरकवताना ओढू नये, दोघांनी मिळून चादरीसकट उचलावे. डोक्याचा मागचा भाग, खांद्याची हाडे, कोपरे, माकडहाड, खुबे, घोटे आणि टाचा या जागा रोज अंघोळीच्या वेळी पाहाव्यात. लाल डागावर बोट दाबून सोडावे. तो क्षणभरही फिका पडत नसेल, तर ती धोक्याची खूण समजावी. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे आजूबाजूपेक्षा गडद किंवा जांभळट छटा, ऊब, कडकपणा यांवर लक्ष ठेवावे. डाग चोळू नये. मध्ये भोक असलेल्या गोल रबरी चकतीवरही बसवू नये. तिच्या कडांचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा अडवतो. हवेची गादी उपयोगी असते, पण ती कूस बदलण्याला पर्याय नाही.

*उठवणे-बसवणे.* पक्षाघाताच्या रुग्णाला लुळ्या हाताला धरून ओढल्यास खांदा दुखावतो, कधी सांधा निखळतोही. खुर्ची रुग्णाच्या सशक्त बाजूला, पलंगाला लागून ठेवावी. चाकांची असल्यास ब्रेक लावून घ्यावा. रुग्णाची पावले जमिनीवर पूर्ण टेकलेली असावीत. आपण गुडघ्यांत वाकावे, कमरेत नव्हे. आणि काखेत हात न घालता कमरेपाशी आधार द्यावा. उचलण्यापूर्वी 'एक, दोन, तीन' असे मोठ्याने म्हणावे, म्हणजे रुग्णही आपल्याबरोबर जोर लावतो. या विषयाला दोन तास द्यावेत आणि शक्य तर फिजिओथेरपिस्टना एकदा घरी बोलावून त्यांच्यादेखत सराव करावा. रुग्णाच्या खांद्याइतकीच काळजीवाहकाची कंबरही येथे पणाला लागलेली असते.

*भरवणे.* जेवताना रुग्ण ताठ बसलेला असावा आणि हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली असावी. भरवणाऱ्याने उभे न राहता समोर बसावे. उभे राहिल्यास रुग्णाला मान वर करावी लागते आणि घास चुकीच्या मार्गाने जाण्याचा संभव वाढतो. लहान चमचा, एका वेळी एक घास, पहिला गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा. दूरदर्शन बंद. जेवणानंतर किमान अर्धा तास आडवे करू नये. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा येत असेल, तर डॉक्टरांना सांगावे. गिळण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ असतात. घास अडकून श्वास कोंडल्यास पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा आणि मग बेंबीच्या वर पाच वेळा आत व वर दाब, असा क्रम शिकवला जातो. तो प्रशिक्षित व्यक्तीकडून हाताने शिकून घ्यावा. वाचून येणारी ही गोष्ट नव्हे.

*औषधे.* इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी एक चूक फार घातक ठरते. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या बहुधा 40 युनिटच्या असतात, तर काही 100 च्या. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये तितके युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात: 40 ची सामान्यतः लाल टोपणाची, 100 ची केशरी टोपणाची. 100 च्या कुपीतले औषध 40 च्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत भरले, तर 20 ऐवजी 50 युनिट शरीरात जातात. म्हणून कुपीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा जुळवून पाहण्याची सवय हाताला लागली पाहिजे. रक्तातील साखर 70 च्या खाली गेली, घाम, थरथर, गोंधळ दिसला आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. तातडीने मदत बोलवावी. आणखी एक: गिळता येत नाही म्हणून प्रत्येक गोळी कुटून देऊ नये. नावापुढे 'एसआर', 'ईआर' किंवा 'एक्सएल' असलेल्या गोळ्या औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते.

*धोक्याच्या खुणा.* तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले तर घड्याळात वेळ पाहून लिहून ठेवावी आणि 108 ला दूरध्वनी करावा. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यामुळे 'शेवटचे ठीक केव्हा पाहिले' हे सांगणारी काळजीवाहक व्यक्ती डॉक्टरांना मोठी मदत करते. वृद्धांमध्ये अचानक आलेला गोंधळ, भलतेच बोलणे किंवा गुंगी हे म्हातारपणाचे लक्षण मानून सोडून देऊ नये. ताप नसतानाही ती जंतुसंसर्गाची पहिली खूण असू शकते.

यांखेरीज हात धुणे, तोंडाची निगा, लघवीच्या नळीची स्वच्छता आणि तिची पिशवी नेहमी ओटीपोटाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकता ठेवणे, स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीशी वाद न घालता बोलणे, पडणे टाळण्यासाठी घराची पाहणी हे विषय आहेतच. बारा आठवड्यांत हे सारे एकदा फिरून होते. तेराव्या आठवड्यापासून पुन्हा पहिल्या विषयाकडे यावे.

कसे शिकावे

ऐकून 'हो, समजले' म्हणणे म्हणजे शिकणे नव्हे. म्हणून प्रत्येक तासाला तीन पायऱ्या असाव्यात: पाहणे, करणे आणि परत सांगणे. 'समजले का?' या प्रश्नाला सगळेच 'हो' म्हणतात. त्याऐवजी 'मी नसताना हे तुम्ही रात्रीच्या मावशींना कसे सांगाल?' असे विचारावे. सांगता सांगता काय निसटले आहे ते आपोआप कळते, आणि कोणालाही कमीपणा वाटत नाही.

आमच्या तासात सर्वांत उपयोगी ठरली ती एक साधी गोष्ट. तिसऱ्या बुधवारी मी पलंगावर आडवा झालो आणि मावशींनी मला आईसमजून कुशीवर वळवले. नंतर त्या आडव्या झाल्या आणि मी त्यांना चमच्याने पाणी पाजले. माझ्या हाताची घाई किती असते हे मला त्या दिवशी कळले. पहिला घोट गिळण्यापूर्वी दुसरा चमचा ओठांशी आलेला असे. आणि न सांगता अचानक कुशीवर वळवले जाताना पोटात कसा गोळा येतो, हे मी स्वतः अनुभवले. त्यानंतर आईला हात लावण्यापूर्वी 'आता डावीकडे वळायचं हं' असे सांगितल्याशिवाय आम्ही कधी तिला हलवले नाही. आपणही एकदा आपल्या रुग्णाच्या जागी निजून पाहा.

वही मोठ्या अक्षरांत असावी. काळजीवाहकाला वाचण्याची सवय नसेल तर चित्रे, रंग आणि घड्याळाची आकृती वापरावी: सूर्य म्हणजे सकाळची गोळी, चंद्र म्हणजे रात्रीची. वाचता न येणे म्हणजे शिकता न येणे नव्हे. आमच्या मावशींची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा कितीतरी तल्लख होती.

शिकवणार कोण? दर वेळी तज्ज्ञ लागत नाही. डॉक्टरांकडे जाताना मावशींनाही बरोबर न्यावे आणि आठवडाभरातले तीन प्रश्न लिहून न्यावेत. मलमपट्टीला येणाऱ्या परिचारिकेला, नळी बदलणाऱ्या तंत्रज्ञाला 'करता करता आम्हाला सांगाल का?' असे विचारावे. बहुतेक जण आनंदाने सांगतात. मोबाइलवरील चित्रफिती पाहाव्यात, पण त्यांतील गोष्ट आपल्या रुग्णाला लागू आहे का हे डॉक्टरांना विचारूनच वापरावी. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे स्वमदत गट तर अनुभवांची पाठशाळाच असतात. तेथे रुग्णाला 'शुभार्थी' आणि काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. आपल्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघात महिन्यातून एक सभा शुश्रूषेच्या प्रात्यक्षिकासाठी ठेवावी आणि त्या सभेला घरच्या काळजीवाहकांना सन्मानाने, पुढच्या रांगेत बसवून बोलवावे, अशी सूचना आपण सहज करू शकता. शासकीय योजनांची वा मदतीची माहिती हवी असल्यास ज्येष्ठांसाठी 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

ज्येष्ठांनो, हा तास आपलाही आहे

आपण स्वतः अंथरुणावर वा खुर्चीत असाल, तर या तासातील पहिला शिक्षक आपण आहात. कोणत्या कुशीवर दुखते, घास किती मोठा झाला की गिळवत नाही, अंघोळीचे पाणी कोठून ओतले की दचकायला होते, हे आपल्याखेरीज कोणाला ठाऊक असणार? 'त्यांना वाईट वाटेल' म्हणून आपण गप्प राहता. पण रोजच्या कामाच्या ओघात केलेली तक्रार जी जिव्हारी लागते, तीच ठरलेल्या तासात सांगितली की शिकवण ठरते. बोलता येत नसेल, तर खुणांची भाषा ठरवून घ्या. आमच्या आईची वाचा अडखळत असे. डाव्या हाताची दोन बोटे उशीवर टेकवणे म्हणजे 'थांबा' असे आम्ही ठरवले होते.

आणि आपण एकटेच जोडीदाराची सेवा करत असाल, तर? आपल्याला हा तास कोण देणार? तो मागावा लागेल. शेजारची व्यक्ती, भाची, परगावी वा परदेशी असलेला मुलगा. दूर असलेल्या मुलांना 'आम्ही काय करू शकतो?' असा प्रश्न नेहमी छळत असतो. त्यांना हे काम द्या: आठवड्याचा विषय त्यांनी डॉक्टरांना विचारून, वाचून तयार करावा आणि व्हिडिओ कॉलवर चाळीस मिनिटे आपल्याबरोबर बसावे. 'जेवलात का, औषध घेतले का' यापलीकडे त्या संभाषणात काहीतरी ठोस येईल.

'शिकवले आणि त्या सोडून गेल्या तर?'

हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे. ब्युरोच्या बाया टिकत नाहीत, मग त्यांच्यावर वेळ कशाला घालवावा? याला दोन उत्तरे आहेत. एक, वही आपल्या घरी राहते. नव्या व्यक्तीचा पहिला दिवस त्या वहीपासून सुरू होतो. दुसरे, मावशी जे घेऊन जातात ते वाया जात नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी आईच्या उशाशी जाते. आणि आपल्या घरी उद्या येणाऱ्या मावशींना कोणीतरी असेच शिकवलेले असावे, अशी अपेक्षा आपणही करतोच की.

'शुश्रूषा' हा शब्द आपण सेवा या अर्थाने वापरतो. त्याचे मूळ संस्कृतातील 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूत आहे. 'शुश्रूषा' म्हणजे ऐकण्याची इच्छा. शिष्य गुरूजवळ राहतो ते ऐकण्याच्या, शिकण्याच्या ओढीने, आणि त्या ओढीतूनच तो गुरूची सेवा करतो. सेवा आणि शिकणे ही दोन कामे नाहीत, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आमचा बुधवारचा तास दोन वर्षे चालला. मध्ये दिवाळीत, लग्नकार्यात तो चुकला. पण मोडला नाही. आई गेली तेव्हा तिच्या पाठीवर एकही जखम नव्हती. तिला शेवटची अंघोळ घालताना मावशींनी सवयीने तिच्या टाचा पाहिल्या, मग माकडहाडाची जागा पाहिली, आणि त्या रडू लागल्या.

आता त्या दुसऱ्या एका घरी, एका वृद्ध गृहस्थांपाशी असतात. मागच्या महिन्यात त्यांचा दूरध्वनी आला. "दादा, ती भरवायची पानं आहेत ना वहीतली, त्यांचे फोटो पाठवाल का? इथल्या ताईंना दाखवायचे आहेत. आम्ही गुरुवार ठरवला आहे."

आपण कोणता वार ठरवाल?